अंक चाळताना हाताशी पेन्सिल ठेवा

माध्यमांत बायका कशा दाखवतात हा विषय निघाला की गाडी हमखास तोकड्या कपड्यांवर जाते. कुठल्याशा जाहिरातीतली बाई, कुठल्याशा सिनेमातलं गाणं, आणि मग ‘आपली संस्कृती’. कायद्याचं लक्षही तिकडेच आहे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ साली झाला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड, दुसऱ्यांदा सापडलं तर निदान सहा महिने. कायदा असावाच. पण असभ्य काय ते कुणालाही दुरून दिसतं, त्यासाठी लेख लिहायची गरज नाही. अंगभर साडी नेसलेली, हसतमुख बाई सगळ्यांना गरम पोळ्या वाढत उभी राहते, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. मला त्या सभ्य पानांबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या घरात येतात ती हीच पानं.

घरात असेल ते मासिक, रविवारची पुरवणी किंवा गेल्या वर्षीचा दिवाळी अंक घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. पहिल्या फेरीत वाचायचं नाही, नुसत्या खुणा करायच्या. बाईचा फोटो किंवा चित्र दिसलं की एक टिंब. मग त्यांतल्या किती जणींना नाव आहे ते बघा. नाव असलेल्यांपैकी किती जणींचा कामधंदा सांगितला आहे? आणि अवतरणचिन्हांत, स्वतःच्या तोंडाने, किती जणी बोलतात? मुखपृष्ठ, जाहिराती, कथाचित्रं धरून टिंबं भरपूर पडतात. बोलणाऱ्या बायका मोजायला बहुतेक वेळा एका हाताची बोटं पुरतात. बातम्यांचं पान घेतलंत तर गणित आणखी रोडावतं. जगभरातल्या बातम्यांची अशीच मोजणी ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ दर पाच वर्षांनी एका ठरलेल्या दिवशी करतो. १९९५ च्या पहिल्या मोजणीत बातमीत दिसणाऱ्या आणि बोलणाऱ्या माणसांत बायका १७ टक्के निघाल्या, २०२० मध्ये २५ टक्के. पाव शतकात आठ टक्के एवढीच मजल.

मात्र नुसत्या टिंबांवर जाऊ नका. युनिसेफ आणि गीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी भारतातल्या २०१९ सालच्या हजारावर जाहिराती तपासून २०२१ मध्ये अहवाल काढला. पडद्यावर दिसण्याच्या वेळात बायका-मुलींचा वाटा ५९.७ टक्के, म्हणजे पुरुषांपेक्षा जास्तच निघाला. ऐकून बरं वाटतं. पण हा वेळ मुख्यतः साबण, धुण्याची पावडर, खाण्याचे पदार्थ आणि सौंदर्यप्रसाधनं विकण्यात जातो. खरेदी, साफसफाई, स्वयंपाक करताना बायका दिसतात. पगाराचं काम करताना जास्त करून पुरुष. शिवाय दोन-तृतीयांश स्त्री-पात्रं उजळ रंगाची.

घरी जाहिरात बघताना एक साधी युक्ती सांगते. आवाज बंद करा आणि जेवणाच्या टेबलाकडे बघा. कोण बसलं आहे, कोण उभं आहे, पहिला घास कोण घेतं आणि त्या वेळी कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर आहे? वाढणाऱ्या बाईच्या तोंडात घास गेलेला तुम्हाला क्वचितच दिसेल. खाणाऱ्यांचं समाधान बघून तिचं पोट भरतं अशी आपल्या जाहिरातवाल्यांची ठाम समजूत आहे. मग आवाज चालू करा आणि पदार्थाची हमी कोण देतं ते ऐका. फरशी बाई पुसते, पण तिच्यावरचे जंतू का मेले हे समजावून सांगायला पांढऱ्या कोटातले गृहस्थ येतात.

मथळ्यातून गायब झालेला माणूस

दुसरी फेरी बातम्यांच्या मथळ्यांची. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा आपण इतक्या वेळा वाचला आहे की आता तो खटकतही नाही. त्यात खून करणारा शोधा बरं. सापडत नाही. मारणारा वाक्यातून पसार, आणि मेलेल्या बाईचं चारित्र्य मात्र पहिल्याच शब्दाला चव्हाट्यावर. ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर कोयत्याने वार’ हाही तसलाच. तिने नकार दिला, त्याला तो सोसला नाही, त्याने कोयता आणला, एवढी सगळी हकिगत ‘प्रेम’ या नावाखाली जमा होते.

वार्ताहर दुष्ट असतो म्हणून हे होतं असं मी म्हणणार नाही. पोलीस ठाण्यातून जे कारण येतं तेच रात्री घाईघाईने मथळ्यावर चढतं, आणि दोन कॉलमांत बसणारी तयार वाक्यं उपसंपादकाला पाठ असतात. म्हणून मथळा घरी आपणच नव्याने लिहून बघायचा. ‘पतीने पत्नीचा खून केला, आरोपी अटकेत’. जागा काही जास्त लागली नाही. संशयाबिंशयाची गोष्ट आत, आरोपीचा दावा म्हणून, तीही छापण्याजोगी असेल तर. आठवी-नववीतल्या मुलांकडून हा खेळ करून घ्या. कर्तरी-कर्मणी प्रयोग शाळेत घोकून घेतात, त्याचा एवढा चांगला उपयोग दुसरीकडे कुठे होणार?

यातली एक बाब मात्र आवडीनिवडीची नाही, थेट कायद्याची आहे. बलात्कार झालेल्या मुलीचं किंवा बाईचं नाव छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे (जुन्या दंड संहितेतलं कलम २२८ अ). नावच नव्हे, ओळख पटेल असा कुठलाही तपशील चालत नाही: वडिलांचं दुकान, घराचा फोटो, शाळेचा गणवेश, ‘अमुक गल्लीतली अमुक वर्षांची’ असं वर्णन. बाई हयात नसली तरी नाही, आणि समाजमाध्यमांवरही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा ‘न्याय मिळालाच पाहिजे’ म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मुलीचा फोटो फिरत आला तर तो पुढे ढकलू नका, आणि ज्यांनी टाकला त्यांना तिथल्या तिथे काढायला सांगा. ‘काका, फोटो काढा, हा गुन्हा आहे’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

‘तारेवरची कसरत’ आणि दहा हात

कर्तबगार बाईची मुलाखत आली की एक प्रश्न ठरलेला: ‘घर आणि करिअर ही तारेवरची कसरत तुम्ही कशी करता?’ उत्तरही ठरलेलं, की घरच्यांचा पाठिंबा, सासूबाईंची साथ. अशा मुलाखतीचे सगळे प्रश्न एका कागदावर उतरवा, वरचं नाव खोडून तिथे पुरुषाचं नाव लिहा आणि मोठ्याने वाचा. जो प्रश्न हास्यास्पद वाटेल तिथे खूण करा. मिताली राजने हे २०१७ च्या विश्वचषकाआधी जाहीरपणे केलं. तुमचा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण असं एका पत्रकाराने विचारल्यावर तिने उलट विचारलं होतं, की पुरुष खेळाडूंना तुम्ही त्यांची आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का? ती तेव्हा भारताची कर्णधार होती.

पण माझं मत इथे थोडं वेगळं आहे. घराचा प्रश्न गाळून टाका असं मी सांगणार नाही. तो गाळला की घरातलं काम कुणी केलं हेही गळतं. उलट तो सगळ्यांना विचारावा, आणि नीट खोदून विचारावा. उद्योजकसाहेब, तुमच्या मुलाच्या लसीकरणाच्या तारखा कुणाच्या लक्षात असतात? संचालकबाई, तुम्ही परगावी असता तेव्हा पोळ्या कोण करतं, त्या मावशींना पगार किती? ‘घरच्यांचा पाठिंबा’ म्हणजे नेमकं कुणी काय केलं? अशी उत्तरं छापली गेली तर ती मुलाखत वाचायला मजा येईल. आजच्या बहुतेक मुलाखती एकीचं नाव खोडून दुसरीचं घातलं तरी खपून जातील अशा असतात.

वर्षातून दोनदा, नवरात्रात आणि महिला दिनाला, पुरवण्यांत एक चित्र उगवतं. तुम्ही ते पाहिलेलं आहे. मधोमध साडीतली बाई, तिला आठ किंवा दहा हात, एकात लाटणं, एकात लॅपटॉप, एकात बाळ, एकात इस्त्री, एकात फोन, उरलेल्यांत भाजीची पिशवी आणि कंपासपेटी. खाली ‘आजची नवदुर्गा’. हे कौतुकाने काढलेलं असतं यात शंका नाही. पण देवीच्या हातांत शस्त्रं होती, हिच्या हातांत घरातल्या सगळ्यांची कामं आहेत, आणि चित्रात दुसरं माणूसच नाही. त्याच आठवड्यात नऊ रंगांच्या साड्यांतल्या घोळक्यांचे फोटोही छापून येतात. हे रंग कुठल्याही पोथीत नाहीत, एका मराठी दैनिकाने ते रुळवले आणि बायकांनी हौसेने उचलले. त्या हौसेला माझी हरकत नाही. लोकलच्या डब्यात त्या दिवसांत खरोखर बहार असते. फक्त त्या रंगीत पानावरची टिंबं मोजा आणि त्याच दिवसाच्या पहिल्या पानावरची मोजा.

पाककृतींवर नाक मुरडू नका, ही आणखी एक सूचना. ‘स्त्रियांची मासिकं म्हणजे विणकाम आणि वड्या’ असं म्हणणारे बहुधा पुरुष असतात, आणि वड्या खातातही तेच. कमलाबाई ओगलेंची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि ‘अंदाजाने’ चालणारं ज्ञान तिने वाटी-चमच्याच्या मापात बसवलं. ते ज्ञानच आहे. किर्लोस्करवाडीहून १९३० मध्ये सुरू झालेल्या ‘स्त्री’ मासिकात घरगुती विषय होते आणि त्याच्याच जोडीला लग्न, शिक्षण, रूढी यांवर वादही झडत. विद्या बाळ पुढे त्याच्या संपादक झाल्या आणि १९८९ मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. एखादं मासिक तपासताना पाककृतींना किती पानं दिली हे बघू नका. पाककृती सोडून बाईला आणखी कशाकशात रस आहे असं संपादक धरून चालतो, ते बघा. पैसा आहे का? शेती, जमीन, सातबारा? राजकारण? विनोद?

सातबाऱ्यावरून आठवलं. अंकात कोण आहे हे मोजून झालं की कोण नाही ते आठवून बघा; हे अवघड आहे, कारण पेन्सिल टेकवायला तिथे काही नसतं. बीडच्या ऊसतोड कामगार बायका २०१९ मध्ये देशभरच्या बातम्यांत आल्या, त्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांमुळे. बातम्या महत्त्वाच्या होत्या आणि त्यामुळे सरकारला चौकशी करावी लागली. पण बाकीच्या वेळी या बायका आपल्याला दिसतात त्या डोक्यावर मोळी घेतलेल्या, उन्हात, पाठमोऱ्या, बिननावाच्या. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि मुकादमाकडून उचल बहुतेक करून नवऱ्याच्या हातात पडते. तिच्या घामाचा वेगळा आकडा कुठल्याही वहीत नसतो. हे तिला विचारणारी मुलाखत मासिकात यायला हवी, आणि तीही तिच्या नावानिशी, समोरून काढलेल्या फोटोसह, तिची तयारी असेल तर.

तसंच सरपंचबाईंचं. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. गावच्या पाणीयोजनेची बातमी काढून बघा, फोटोत फीत कापताना बाई, आणि खाली ‘योजना लवकरच पूर्ण होईल, असे सरपंचपती म्हणाले’. सरपंचपती हे पद कुठल्या कायद्यात आहे ते वार्ताहराला पत्राने विचारा. फोन बाईंना लावा, त्या शेतात असतील तर संध्याकाळी लावा.

मालिकांबद्दल थोडक्यात. रात्री झोपतानाही पैठणी आणि नथ, एका पुरुषासाठी झुरणाऱ्या दोघी, विष कालवणारी आत्या किंवा जाऊ, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ पाच वर्षांच्या आसपास चालली ती लोकांनी पाहिली म्हणूनच. सासूबाईंच्या हातातला रिमोट काढून घेऊन भाषण ठोकू नका, त्याने मालिका बंद होत नाही, घरात नवीन सुरू होते. शेजारी बसा आणि अधूनमधून विचारा: हिला मैत्रीण का नाही? ही पैसे कुठून आणते? दोघी बायका बोलल्या त्यात पुरुषाचा विषय सोडून काही निघालं का? अॅलिसन बेक्डेल या अमेरिकी व्यंगचित्रकर्तीने १९८५ मध्ये आपल्या चित्रमालिकेत सिनेमांना लावलेली कसोटी म्हणजे हा शेवटचा प्रश्न. सासूबाईंची उत्तरं ऐकण्यासारखी असतात, त्यांनी जास्त भाग पाहिलेले असतात.

मग पत्र लिहा

खुणा करून अंक रद्दीत टाकला तर उपयोग नाही. छापलेल्याला लिहून उत्तर देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, तेव्हा ‘पुणे वैभव’ने बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी पुढच्याच वर्षी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्याचा समाचार घेतला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, आणि १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन पेटलं, १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पीडितेची ओळख झाकणारं वरचं कलमही त्याच दुरुस्तीत आलं.

आपलं पत्र एवढं मोठं असायची गरज नाही. एका पत्रात एकच तक्रार, पान क्रमांक, तारीख, आणि शेवटी नेमकं काय हवं ते. उदाहरणार्थ:

‘संपादकांस, स. न. आपल्या जुलै अंकात पान ३४ वर एका महिला शल्यविशारदांची मुलाखत आहे. सात प्रश्नांपैकी चार स्वयंपाक, मुलं आणि सासर यांबद्दल आहेत, शस्त्रक्रियेबद्दल एक. याच सदरात मे महिन्यात आलेल्या पुरुष डॉक्टरांना घराबद्दल काहीच विचारलेलं नाही. पुढच्या मुलाखतींत दोघांनाही दोन्ही विचारावं ही विनंती. मी आपल्या मासिकाची वर्गणीदार आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. संपादक ते आधी वाचतो. आणि ‘समस्त स्त्रीवर्गाचा अपमान’ वगैरे लिहू नका, तसली पत्रं टोपलीत जातात.

छापील मजकुराबद्दल संपादकाने दाद दिली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येतं. संपादकाला आधी लिहिलेलं पत्र जोडावं लागतं. मुदत दैनिक-साप्ताहिकाला प्रसिद्धीपासून दोन महिने, मासिकाला चार. परिषद समज देते, ताशेरे ओढते, दंड करू शकत नाही. जाहिरातींसाठी मुंबईतली अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल आहे, १९८५ पासूनची. जाहिरातीत स्त्री-पुरुषांच्या ठोकळेबाज भूमिका रंगवण्याबद्दल तिने जून २०२२ मध्ये नियम काढले, आणि तक्रार ऑनलाइन, फुकट करता येते. इथे सभ्य पण चुकीच्या जाहिरातीविरुद्धच्या तक्रारीलाही जागा आहे, म्हणून मला हा रस्ता कायद्यापेक्षा उपयोगी वाटतो. वाहिनीवरच्या कार्यक्रमाबद्दल आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, १५ दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. नाही पटलं तर पुढे वाहिन्यांच्या स्वनियमन संस्था आहेत: मालिकांसाठी बीसीसीसी, बातम्यांसाठी एनबीडीएसए, अर्थात वाहिनी ज्या संस्थेची सभासद असेल ती. कार्यक्रमाची वेळ आणि तारीख टिपून ठेवा, नाहीतर तक्रार हवेत राहते. चिकाटीचा परिणाम होतो. ‘फेअर अँड लव्हली’च्या जाहिरातींविरुद्ध जनवादी महिला संघटनेने तक्रार लावून धरली, २००३ मध्ये सरकारने त्यांतल्या दोन बंद करायला लावल्या, आणि २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ गेलं. क्रीम मात्र दुकानात आहे.

दिवाळी अंकाबद्दलचं पत्र दिवाळीनंतर पाठवू नका, तेव्हा संपादकमंडळी बिलं वसूल करत हिंडत असतात. विषय ठरतात, लेखकांना फोन जातात आणि मुखपृष्ठ चित्रकाराकडे सोपवलं जातं ते साधारण मे-जूनमध्ये. तेव्हा लिहा, गेल्या वर्षीच्या अंकाची तुमची मोजणी सोबत जोडा, आणि जमलं तर दोन-चार लिहित्या बायकांची नावं आणि त्यांचे विषय सुचवा: ‘लेख मिळत नाहीत हो बायकांचे’ असं कळवायची सोय मग संपादकाला उरत नाही.